पाळण्यातलं नाव

"गाव कुठलं?" या प्रश्नाला मी "पाली" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठलं पाली?" राजस्थानात एक पाली आहे, जिल्ह्याचं ठिकाण. रत्नागिरीजवळ एक आहे. एका सहकाऱ्याने तर "म्हणजे तिथे पाली भाषा बोलतात का?" असंही विचारलं होतं! मग आपण सांगायचं, "बल्लाळेश्वराचं पाली, अष्टविनायकातलं." लगेच समोरच्याचा चेहरा उजळतो. एकाच नावाची चार गावं असली की नुसत्या नावावर भागत नाही, शेजारी आणखी एक नाव उभं करावं लागतं.

आमच्या भागात तर नावांची गंमतच आहे. पालीपासून जवळ असलेला सुधागड पूर्वी भोरपगड होता, शिवकाळात तो सुधागड झाला. गडाच्या पायथ्याशी पाच्छापूर नावाचं गाव आहे. औरंगजेबाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेला शाहजादा अकबर १६८१ साली तिथे येऊन राहिला, म्हणून ते पादशहापूर आणि बोलता बोलता पाच्छापूर झालं असं सांगतात. सुधागड तालुका भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि आम्ही कुलाबा जिल्ह्यात आलो. १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. म्हणजे घरातल्या एकाच जमिनीच्या तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन पत्ते. पणजोबांच्या कागदावर भोर संस्थान, आजोबांच्या कागदावर जिल्हा कुलाबा, बाबांच्या कागदावर जिल्हा रायगड. जमीन मात्र एक इंचही हललेली नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमचा कुलवृत्तांत. घरच्यांना माहीतच आहे, इतरांसाठी सांगतो. गेली वीसेक वर्षं आमच्या घरातले वेगवेगळे लोक आपापल्या शाखेची माहिती टाइप करून ठेवत आले आहेत. कुणी मुंबईत, कुणी पुण्यात, एक जण अमेरिकेत. या सगळ्या फायली एकत्र करून एक शोधता येईल अशी यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात "कॉम्प्युटरवाला" मी. (कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्त करण्यापासून वंशावळीपर्यंत सगळं.)

फायली एकत्र केल्या आणि सहज म्हणून "कऱ्हाड" शोधलं. आमच्याकडच्या निदान डझनभर मुली कऱ्हाडकडे दिल्या आहेत किंवा सुना तिकडून आल्या आहेत. यादीत निम्म्याच सापडल्या. उरलेल्या डोळ्यांना दिसत होत्या, पण शोधला की सापडत नव्हत्या. "कऱ्हाड" आणि "कर्‍हाड". बघा बरं, काही फरक दिसतोय का? बहुतेक दिसणार नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत.

या दोन शब्दांमागे बराच मोठा इतिहास आहे, आणि तो नावांचाच इतिहास आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मराठीत र् पुढच्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडतात. एक डोक्यावरचा रफार, दुसरा हा आडवा, पापणीच्या केसासारखा. आपण शाळेत याला फारसं महत्त्व देत नाही, पण "आचार्यांना बोलवा" आणि "आचाऱ्यांना बोलवा" यांत केवढा फरक आहे! पहिल्यात प्रवचन होईल, दुसऱ्यात जेवण. हिंदीला हा फरक लागत नाही. त्यामुळे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणताना मराठीचा हा र् कुठे बसवायचा हा प्रश्नच होता.

भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक तक्ता ऐंशीच्या दशकात तयार झाला, त्याला इस्की म्हणतात. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. या तक्त्याची मुख्य कल्पना अशी, की सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच चौकट वापरायची. देवनागरीत क जिथे, तमिळमध्येही क तिथेच. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या तक्त्यावर बेतलेली होती. आता तमिळ आणि मल्याळममध्ये र दोन प्रकारचे आहेत. त्यातल्या दुसऱ्यासाठी जे घर होतं तेच देवनागरीतही राखलं गेलं, नुक्ता दिलेला ऱ, क्रमांक ०९३१. युनिकोडच्या तक्त्यात त्याच्याखाली टीप आहे, की हा द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे पापणीचा र. म्हणजे आपल्या कऱ्हाडचा, वऱ्हाडचा, सह्याद्रीतल्या दऱ्यांचा र् द्राविडी पाहुण्यासाठी राखलेल्या खोलीत राहतो!

दुसरा मार्गही होता. साधा र, त्याला हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडणारं चिन्ह, ज्याला सगळे झेडडब्ल्यूजे म्हणतात. दोन हजारच्या दशकात टाइप करणाऱ्या अनेकांनी हाच मार्ग वापरला. दोन्हींतून पडद्यावर उमटतं ते एकच. आमच्या फायलींत दोन्ही होते, आणि म्हणून निम्म्या आत्या-काकवा हरवल्या होत्या.

आता हे दुरुस्त करायला छोटासा प्रोग्रॅम लिहायचा. "अमुक तीन चिन्हं सापडली की त्यांच्या जागी तमुक दोन घाल." पण अमुक-तमुक प्रोग्रॅममध्ये लिहायचं कसं? झेडडब्ल्यूजे तर दिसतच नाही. क्रमांक लिहिला तर चालतं, पण सहा महिन्यांनी मलाच कळणार नाही, मग भाच्याला काय कळणार? हा प्रोग्रॅम माझ्यानंतर कुणीतरी वापरावा, वाचावा अशी माझी इच्छा आहे. म्हणून नावं.

युनिकोडमधल्या बहुतेक प्रत्येक अक्षराला क्रमांकाबरोबर एक नाव असतं. क म्हणजे "देवनागरी लेटर केए". नावं इंग्रजी मोठ्या लिपीतच, त्यांत ए ते झेड, आकडे, जोडरेघ आणि मोकळी जागा एवढंच चालतं. टिंब नाही, मात्रा नाही. म्हणून ट आणि त यांतला फरक दाखवायला अक्षर दुप्पट केलं. त चं नाव "टीए", ट चं "टीटीए". ण "एनएनए", ष "एसएसए". आणि आपला ळ? "देवनागरी लेटर एलएलए". ज्या अक्षराशिवाय कमळ, बाळ, टिळक, आणि खुद्द बल्लाळेश्वर लिहिता येत नाही, त्याचं जगाच्या वहीतलं नाव दोन एल आणि एक ए! आमच्या आजीचा "पोटफोड्या ष" मला याहून कितीतरी बोलका वाटतो. असो.

प्रोग्रॅममध्ये क्रमांकाऐवजी हे नाव लिहायची सोय पर्ल आणि पायथन या दोन्ही भाषांत २००० सालीच आली. महिरपी कंसात अक्षराचं पूर्ण नाव लिहायचं, भाषा ते आपल्या कोशात शोधते आणि त्या जागी अक्षर ठेवते. वाचणाऱ्याला काय चाललंय ते कळतं. पण यात एक मोठी अट आली. उद्या कुणी नाव बदललं तर जगभर लिहून ठेवलेले प्रोग्रॅम मोडणार. म्हणून १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडने नियम केला, की एकदा दिलेलं नाव कधीही बदलायचं नाही. पाळण्यात ठेवलं ते ठेवलं.

आता माणसं म्हटली की चुका आल्याच. कन्नडमध्ये एक जुनं, आता वापरात नसलेलं अक्षर आहे, आपल्या ळ च्या पुढच्या ऴ चा भाऊ. त्याचं नाव युनिकोडमध्ये "कन्नड लेटर एफए" पडलं. त्याचा फ शी काही संबंध नाही! लाओ लिपीतल्या काही अक्षरांचीही नावं अशीच चुकली. २००५ च्या आवृत्तीत उभ्या मजकुरासाठी एक कंस आला, त्याच्या नावात ब्रॅकेट या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सी आणि के यांची अदलाबदल झाली. टायपिंगची साधी चूक. पण नियम म्हणजे नियम. ती चूक आजही तशीच आहे आणि कायम राहील.

मग उपाय काय? २००६ साली युनिकोडने टोपणनावांची एक अधिकृत यादी सुरू केली. चुकीचं नाव पुसायचं नाही, पण शेजारी बरोबर नाव नोंदवायचं. कन्नडच्या त्या अक्षरापुढे "दुरुस्ती" असा शेरा आणि खरं नाव, "एलएलएलए". पुढे या यादीत दुरुस्तीखेरीज आणखी प्रकार आले: नियंत्रणचिन्हांची नावं, पर्यायी नावं, संक्षिप्त रूपं, आणि काही अशीही जी कधीकाळी कागदावर होती पण प्रत्यक्षात प्रमाण झालीच नाहीत. शिवाय एक पक्कं ठरवलं. मूळ नावं आणि टोपणनावं मिळून एकच यादी धरायची, त्यात एक नाव दोघांना द्यायचं नाही. कुठलं पाली, हा प्रश्नच उरायला नको!

यादी झाली, तरी प्रोग्रॅमिंगच्या भाषेने ती वाचायला हवी ना? पायथनने हे २०१२ साली, ३.३ या आवृत्तीत केलं. त्यात एक बारकावा मला फार आवडतो. नाव देऊन अक्षर मागितलं तर जुनं चुकीचं नाव चालतं आणि नवं बरोबर नावही चालतं, दोन्ही हाकांना ओ मिळते. पण अक्षर देऊन "तुझं नाव काय?" विचारलं तर उत्तर एकच, पाळण्यातलं. आतली रचनाही मजेशीर आहे. कोश क्रमांकांवर चालतो आणि टोपणनावाला स्वतःचा क्रमांक नसतो. म्हणून पायथनने "खासगी वापरासाठी" राखलेल्या भागातले काही क्रमांक आतल्या आत या टोपणनावांना दिले. टोपणनाव आलं की आधी त्या खासगी घरात जायचं, तिथून खऱ्या अक्षराकडे. हे खासगी क्रमांक बाहेर कुणाला दिसू द्यायचे नाहीत याचीही काळजी घेतली आहे.

नावांवरून भांडणंही झाली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं घंटेवरून. आमच्या बल्लाळेश्वराच्या देवळात एक युरोपीय बनावटीची मोठी घंटा आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ती देवाला वाहिली असं सांगतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली किंवा वाईजवळच्या मेणवलीची घंटा ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. चर्चमध्ये होती तेव्हाही घंटा, देवळात आली तेव्हाही घंटा. कॉम्प्युटरमध्ये मात्र इतकं सोपं नव्हतं. टेलिप्रिंटरच्या काळापासून ७ क्रमांकाचं एक चिन्ह आहे, ते पाठवलं की पलीकडे खरोखरची घंटा वाजायची. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत त्याचं नाव "बेल" होतं. पुढे अशा नियंत्रणचिन्हांना अधिकृत नावंच ठेवायची नाहीत असं ठरलं, पण लोक बेलच म्हणत राहिले आणि पर्लमध्ये बेल म्हटलं की ७ क्रमांकच मिळायचा. २०१० साली सहाव्या आवृत्तीत जपानी मोबाइलवरची चित्रं आली, आणि घंटेच्या चित्राला, क्रमांक १एफ५१४, नाव दिलं "बेल". झालं! एक घंटा वाजणारी, एक दिसणारी, आणि नाव एकच. पर्लच्या लोकांनी २०११ च्या आवृत्तीत सावधगिरीची सूचना द्यायला सुरुवात केली आणि २०१३ साली ते नाव चित्राला देऊन टाकलं. वाजणाऱ्या घंटेला २०१२ च्या यादीत नवं टोपणनाव मिळालं, "अलर्ट". ज्यांचे जुने प्रोग्रॅम होते त्यांना ते शोधून बदलावे लागले असणार. जुनं नाव नुसतं तोंडी चालू ठेवलं, नोंदवलं नाही, तर दुसरा कुणी ते घेऊन जातो, एवढं यातून दिसतं.

आता आपल्या अक्षरांचं काय? अधिकृत यादीत झेडडब्ल्यूजे हे संक्षिप्त रूप आहे, त्यामुळे माझ्या प्रोग्रॅममध्ये मला ते तीन अक्षरांतच लिहिता आलं. पण हलन्त? त्याचं पाळण्यातलं नाव "देवनागरी साइन विराम". तक्त्यात खाली टीप आहे, की हिंदीत याला हलन्त म्हणणं पसंत करतात. मराठीत आपण तर "पाय मोडतो"! पण ही टीप वाचणाऱ्यासाठी आहे, अधिकृत टोपणनाव नव्हे. त्यामुळे पायथनला "हलन्त" म्हटलं तर तो सरळ चूक दाखवतो. अनुस्वाराच्या खाली "बिंदू" लिहिलंय, त्याचंही तेच. पर्लमध्ये मात्र आपली आपली टोपणनावं प्रोग्रॅमपुरती ठरवता येतात. घरात हाक मारायच्या नावासारखी, उंबऱ्याच्या आत.

जोडाक्षरांना तर स्वतंत्र क्रमांकच नाहीत. बल्लाळेश्वराचं आजचं दगडी देऊळ १७६० साली बांधलं आणि ते "श्री" या अक्षराच्या आकारात आहे असं पालीत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ज्यावर अख्खं देऊळ उभं राहिलं, ते युनिकोडच्या लेखी एक अक्षर नाही, चार चिन्हांची रांग आहे: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. अशा काही रांगांनाही युनिकोडने नावं दिली आहेत. तमिळमधल्या श्रीला असं नाव आहे, आसामी-बंगाली क्ष ला आहे. देवनागरीतल्या श्रीला नाही.

ॲ ची गोष्ट त्यापेक्षा बरी. हिंदीत ए वर चंद्र देऊन ऍ लिहितात, मराठीत अ वर देतात. आपला ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली, क्रमांक ०९७२, नाव "कँड्रा ए", शेजारी टीप: मराठी. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने वर्णमालेतही त्याला जागा दिली. त्याआधी टाइप केलेल्या फायलींत कुणी हिंदीचा ऍ वापरलाय, कुणी अ लिहून पुढे चंद्र जोडलाय. आमच्या यादीतले ॲडव्होकेट काका त्यामुळे तीन ठिकाणी तीन जण झाले होते.

प्रोग्रॅम झाला. पन्नासेक ओळींचा आहे, आणि कुठेही क्रमांक नाही, सगळी नावं. कऱ्हाडच्या सगळ्या जणी सापडल्या. ॲडव्होकेट काका पुन्हा एक झाले.

पण यादी नीट झाल्यावर वेगळंच काही दिसायला लागलं. आमच्या कुलवृत्तांतात पुरुषांची नावं सात पिढ्यांपर्यंत आहेत. बायकांची जी आहेत ती बहुतेक सासरची. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून जुनं नाव संपायचं. माझ्या पणजीचं नाव यादीत "लक्ष्मी" आहे. तिचं माहेरचं नाव काय होतं ते आज हयात असलेल्या एकालाही सांगता येत नाही. तिच्या माहेरी, कुठल्या तरी जुन्या वहीत, ती दुसऱ्याच नावाने असेल, आणि त्या वहीतली मुलगी आणि आमच्या यादीतली लक्ष्मी एकच, हे आता कुणी जोडू शकणार नाही. कऱ्हाडसारखी ही गोष्ट प्रोग्रॅमने सुटणारी नाही, कारण इथे दोन नावांपैकी एक लिहिलंच गेलेलं नाही.

अक्षरांच्या बाबतीत जगाने किती काळजी घेतली बघा. एका मेलेल्या कन्नड अक्षराचं चुकलेलं नावसुद्धा पुसलं नाही, कारण कुणीतरी कधीतरी त्या नावाने त्याला शोधत येईल. बरोबर नाव शेजारी लिहिलं, आणि भाषांनी दोन्ही नावं ओळखायची असं ठरलं. आमच्या घरात बाईच्या बाबतीत हे कुणाला सुचलं नाही. मी दोष देत नाही, तेव्हाची रीत होती. पण आता मी यादीत एक रकाना वाढवला आहे. पहिला "जन्मनाव", त्याच्या शेजारी "इतर नावं": सासरचं, हाकेचं, कागदोपत्री असलेलं, जेवढी असतील तेवढी. कुठल्याही नावाने शोधलं तरी माणूस सापडायला हवं.

तर घरच्या मंडळींना विनंती. आत्या, मावश्या, काकवा, आज्या ज्या हयात आहेत त्यांना फोन करा आणि त्यांचं माहेरचं नाव विचारा, त्यांच्या आईचंही विचारा. मागच्या आठवड्यात धाकट्या आत्याला विचारलं तर ती आधी हसली, म्हणाली, "अरे, साठ वर्षांत त्या नावाने कुणी हाक नाही मारली." मग सांगितलं. मी लिहून घेतलं. कऱ्हाडच्या मावशींचा फोन लागत नाहीये, कुणाकडे नवा नंबर असेल तर कळवा.